लहान मुलांना नाताळचा अर्थ घरी कसा सांगता?

सांजघंटा (वास्को)

नमस्कार मंडळी. आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, तोंडावर आला आहे म्हणून हा धागा काढते आहे. माझं माहेर वसईचं. नवऱ्याची नोकरी वास्कोला, त्यामुळे आता आम्ही इथलेच झालो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीनचा. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, चर्चमध्ये मिस्सा कोंकणीतून. मुलं तिन्ही भाषांत वावरतात, पण रात्री अंथरुणात पडल्यावर जे प्रश्न सुचतात ते मराठीतच येतात आणि उत्तरही तेव्हाच, तिथेच हवं असतं.

गोव्यात राहता म्हणजे मुलांना नाताळ वेगळा शिकवायची गरज काय, असं मला बरेच जण म्हणतात. नोव्हेंबर सरत आला की घरोघरी नखेत्रं, म्हणजे चांदणीचे आकाशकंदील, लागतात, बेकऱ्यांमध्ये केकच्या ऑर्डरी सुरू होतात, दुकानांच्या दारात कापसाची दाढी लावलेला सांता उभा राहतो आणि किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचे फलक झळकतात. सण आहे हे मुलांना कळतं, कोणाचा आहे ते राहून जातं. परवा मुलीने विचारलं, "आई, नाताळला सांताचा वाढदिवस असतो ना?" अगदी मनापासून विचारत होती. तिला चहूकडे जे दिसतं त्यावरून दुसरं काय वाटणार? दोतोर्नीचा, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाचा, वर्ग रविवारचा, तोही थोडा वेळ. बाकीचा आठवडा घरात जातो, तेव्हा हे काम घरचंच आहे असं माझं ठाम मत आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही मुलांना खरी गव्हाण दाखवायला नेलं. एका ओळखीच्या आजींकडे दोन गायी आहेत. चिऱ्यांची बुटकी गव्हाण, गायींनी मान घासून घासून तिची कड गुळगुळीत, तेलकट झालेली. आत ओलसर पेंढा, केळीच्या सालींचे दोन तुकडे, वर माशा. शेणाचा वास तर होताच. मुलीने पेंढ्यावर हात ठेवला, चटकन उचलला आणि फ्रॉकला पुसला. "बाळाला इथे ठेवलं? हे तर ओलं आहे." मग विचारलं, "त्यांना कोणीच घरात घेतलं नाही?" मी एवढंच म्हटलं, की जागा नव्हती, आणि देवाने तरीही यायचं ठरवलं. घरी आल्यावर आमच्या नाताळच्या गोठ्यातल्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या, छोट्या गव्हाणीत घालायला तिने माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा मागून घेतला.

मुलांना आधी हाताला लागू द्यावं, सांगणं मागाहून, या मताची मी झाले आहे. आमच्याकडे गोठा डिसेंबरच्या सुरुवातीलाच मांडतो, पण गव्हाण रिकामी ठेवतो. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्री मिस्साहून आल्यावर मुलंच ठेवतात.

अडतं ते दुसरीकडे. सांताचं काय सांगता? बाळ येशूला मारायला निघालेल्या हेरोद राजाची गोष्ट या वयात सांगावी का? आणि सगळ्यात अवघड, देव बाळ झाला म्हणजे काय झालं, हे साडेतीन वर्षांच्या मुलाला कोणत्या शब्दांत सांगता? अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा.

नगरची_लेक (पर्वरी)

छान धागा, ताई. मी प्रोटेस्टंट घरातली, पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली. आमच्याकडे गोठ्यापेक्षा वाचनावर भर. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, पहिली वीस वचनं. रोज संध्याकाळी दोन-तीनच वाचायची, पुस्तक मिटायचं आणि मुलांना विचारायचं, तुला यातलं काय दिसलं? गोष्टींची चित्रमय पुस्तकं आम्हीही आणली, पण मुलांच्या डोक्यात मूळ वचनांचीच लय बसते. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. मेंढपाळांचा सगळा भाग त्याला तोंडपाठ आहे आणि तो कोणी घोकून घेतलेला नाही.

एक विनंती मात्र करीन. शास्त्रात आहे ते आणि नाटकात आपण घालतो ते, हे मुलांना हळूहळू वेगळं करून द्यावं. मरिया गाढवावर बसून गेली असं लूक कुठेही लिहीत नाही. दार लावून घेणारा खाणावळवालाही त्यात नाही, उतारशाळेत जागा नव्हती एवढंच वाक्य आहे. ताऱ्यामागून बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, तीन होते असं मत्तय म्हणत नाही. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस. शिवाय ते आले ते घरात, असं मत्तय लिहितो. मार्क आणि योहान यांनी तर जन्माची हकीकत दिलेलीच नाही. मुलांचा आनंद घालवायचा म्हणून मी हे सांगत नाही. बाराव्या वर्षी मूल स्वतः बायबल उघडेल तेव्हा घरच्यांनी आपल्याला भलतंच सांगितलं होतं असं त्याला वाटू नये, एवढीच काळजी.

निवृत्त_मास्तर (मडगाव)

सांजघंटाताई, तुमचा धागा वाचून फार बरं वाटलं. मी मूळचा सावंतवाडीचा, शिक्षण मराठीतून, पुढचं सगळं आयुष्य सासष्टीत गेलं. शाळेत शिकवलं आणि रविवारी दोतोर्न. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

नगरच्या ताईंचं म्हणणं बरोबर आहे. तरी गोठ्याच्या बाजूने एक सांगतो. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावात नाताळच्या रात्री खरा पेंढा, खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाण मांडली. बेथलेहेमात त्या बाळाने काय हालअपेष्टा सोसल्या ते लोकांना डोळ्यांनी दिसावं हा त्याचा हेतू होता. म्हणजे तुम्ही मुलांना गोठ्यात नेलंत ते त्याच वाटेने. बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत हे खरं, पण ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आले: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, माझे लोक मात्र ओळखत नाहीत, अशा अर्थाचं ते वचन आहे. मुलांना हे सांगितलं की गोठ्यातली जनावरं नुसती शोभेची राहत नाहीत. "जनावरांनी ओळखलं, आपण ओळखू ना?" एवढं विचारायचं.

दुसरं, आगमनकाळ वाया घालवू नका. चार रविवार आहेत. हिरव्या पानांच्या कड्यात तीन जांभळ्या, एक गुलाबी आणि मध्ये पांढरी मेणबत्ती. गुलाबी तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार. सुरूच्या डहाळ्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर आंब्याची पानं घ्या, चांगली टिकतात. दर रविवारी तेर्सच्या, म्हणजे घरातल्या जपमाळेच्या प्रार्थनेच्या, वेळी एक मेणबत्ती जास्त लावायची आणि एकच माणूस ओळखीचा करून द्यायचा. पहिल्या रविवारी वाट पाहणारे यशयासारखे संदेष्टे, दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान, तिसऱ्या रविवारी योसेफ, चौथ्या रविवारी मरिया. चर्चमधल्या वाचनांशी हे दरवर्षी तंतोतंत जुळेलच असं नाही, पण घरात चालतं. लहान मुलाला वाट पाहणं जड जातं आणि नेमकं तेच शिकवायचं आहे. २५ तारखेपर्यंत केक न कापणं, बाळ न ठेवणं, भेट न उघडणं, यातून त्याला कळतं की कोणीतरी यायचं आहे.

योसेफाचं विशेष सांगा. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. स्वप्नात सांगितलं, उठला आणि केलं. माझ्या वर्गातल्या मुलग्यांना हा माणूस फार आवडायचा. नाझरेथ ते बेथलेहेम सुमारे दीडशे किलोमीटर. पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत सगळा गोवा चालत जावा, जवळपास तेवढी वाट, तीही दिवस भरत आलेल्या बायकोला घेऊन, रोमन सम्राट कैसर औगुस्ताच्या नावनिशीसाठी, म्हणजे शिरगणतीसाठी. नकाशा काढून मुलांना दाखवा.

आता तुमचा अवघड प्रश्न. देव बाळ झाला, हे साडेतीन वर्षांच्या मुलाला समजावून सांगायला जाऊच नका. त्याला एवढंच सांगा: देवाचं आपल्यावर इतकं प्रेम आहे की त्याला लांब राहवेना, तो आपल्यात राहायला आला. आपण लहान असतो म्हणून तोही लहान होऊन आला. त्याला भूक लागायची, तो रडायचा, त्याची आई त्याला घ्यायची. यापुढे मूल जेवढं विचारील तेवढंच उत्तर. "मग आता तो कुठे आहे?" हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा सांगायचं की तो मोठा झाला, आपल्यासाठी मेला, उठला आणि अजून आपल्याबरोबर आहे. क्रूस आणि गव्हाण एकाच भिंतीशी ठेवा. घरच्या आल्तारावर, म्हणजे वेदीवर, क्रूस असतोच, त्याच्याच खाली गोठा मांडा. दोन्ही एकाच येशूचे हे मुलांना बघूनच कळतं.

भाषेविषयीही थोडं. मराठीतून ही गोष्ट सांगायला संकोच वाटण्याचं कारण नाही. इंग्लंडात जन्मलेले जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं. १६१६ मध्ये ते इथेच, सासष्टीत राशोलला छापलं गेलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या भाषेत, आपल्या ओवीत ऐकायला काही हवं होतं, म्हणून ते लिहिलं. बाळ येशूची गोष्ट या मातीत मराठीतून सांगण्याला चारशे वर्षं होऊन गेली आहेत. तुम्ही रात्री अंथरुणात बसून सांगता ते त्याच वाटेवरचं आहे.

बंदरावरून (मुरगाव)

मास्तर, सुंदर लिहिलंत. आमच्याकडे एक पद्धत आहे ती सांगतो. रिकाम्या गव्हाणीशेजारी पेंढ्याच्या काड्या ठेवतो. मुलाने काही चांगलं केलं की एक काडी गव्हाणीत. भांडण मिटवलं, आजीला पाणी दिलं, खेळणं वाटून घेतलं. नाताळपर्यंत बाळासाठी मऊ गादी तयार. मुलं अगदी झपाटल्यासारखी करतात. लहान वयात धर्म कृतीतूनच शिरतो असं मला वाटतं.

निवृत्त_मास्तर

पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण एका गोष्टीला सांभाळा. काड्या मोजू देऊ नका. वर्गात मी हे करून पाहिलेलं आहे. काही मुलं दुसऱ्याच्या काड्या मोजायला लागतात आणि ज्याच्या हातून खोड्या होतात ते पोर कोपऱ्यात उभं राहून म्हणतं, माझ्यामुळे बाळाला टोचणार. बाळ येशू कोणाच्या चांगुलपणाचा मोबदला म्हणून आलेला नाही. आपण चांगले नव्हतो तेव्हाच तो आला, नाताळचा गाभाच तो आहे. नाहीतर सांताची चांगल्या आणि वाईट मुलांची यादी आपण येशूच्या नावाने घरात आणतो.

बंदरावरून

पटतं आहे, पण पूर्ण नाही. मुलाला काहीच करायला दिलं नाही तर सगळं ऐकण्यावरच राहतं. माझ्या मुलीला काडी घालताना बक्षिसाची आठवण नसते, बाळाला थंडी वाजेल याची असते.

सांजघंटा

मला दोघांचं एकत्र करावंसं वाटतं. काडी घालायची ती आपलं चांगलं काम मोजायला नाही, तर दुसऱ्याने आपल्यासाठी काही केलं त्याबद्दल. "आज दादाने मला पाण्याचा ग्लास दिला" म्हणून धाकट्याने काडी घालायची. खोडकर पोरालाही मग घालायला काहीतरी मिळतं, कारण त्याच्यासाठी कोणी ना कोणी काहीतरी करतंच.

बंदरावरून

हे आवडलं. यंदा असंच करणार.

डिचोलीची (डिचोली)

मी हिंदू, पण या धाग्यावर लिहायला हरकत नसावी. माझी मुलगी कॉन्व्हेंट शाळेत पहिलीत आहे आणि तिला नाटकात गाब्रिएल देवदूताचं काम मिळालं आहे. दोन वाक्यं आहेत, पण ती दिवसभर घरात पंख लावून फिरते. तिला या गोष्टीचा अर्थ नीट सांगावा असं मला वाटतं. शेजाऱ्यांच्या श्रद्धेची गोष्ट आहे, ती अर्धवट कळू नये. हेरोदाचा भाग शाळेतून ऐकून आली आणि लगेच म्हणाली, "आई, हा कंसासारखा!" कंस, बंदिवास, मध्यरात्रीचा जन्म, बाळाला नदीपार नेणं, हे सगळं तिला गोकुळाष्टमीपासून ठाऊक आहे. मी "हो, तसाच" म्हटलं आणि मग मनात आलं, की ख्रिस्ती आईबाप यावर काय सांगतील?

नगरची_लेक

ताई, तुम्ही विचारलंत हेच फार आहे. माझ्या मते "तसाच" हे उत्तर चांगलं आहे. सत्तेला बाळाची भीती वाटते हे मुलीने बरोबर पकडलं. त्यात फक्त एवढी भर घाला, की ख्रिस्ती माणसं ही गोष्ट इतिहासातली मानतात, औगुस्त कैसर आणि हेरोद राजा यांच्या काळात घडलेली, आणि येशू मोठा झाल्यावर त्याने हेरोदाच्या वंशाचा सूड घेतला नाही, शत्रूंसाठी क्षमा मागितली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी मोठ्या आहेत. एकीवरून दुसरी तोलायची गरज नाही.

हेरोदाबद्दल सांजघंटाताईंनीही विचारलं होतं. आमच्याकडे पाच वर्षांपर्यंत एवढंच: राजाला भीती वाटली, देवदूताने योसेफाला स्वप्नात सावध केलं, आणि योसेफ बाळाला आणि आईला घेऊन रातोरात इजिप्तला निघाला. सातव्या-आठव्या वर्षी बाकीचं खरं खरं सांगायचं. मत्तय ते लपवत नाही. या दुःखाला नाताळातच जागा आहे हे मुलांना कळलेलं बरं. घर सोडून पळावं लागलेली माणसं त्यांना टीव्हीवर दिसतातच. येशूही त्यातलाच होता, हे त्यांना आपोआप जोडता येतं.

निवृत्त_मास्तर

आणि म्हणूनच २८ डिसेंबरला चर्च हेरोदाने मारवलेल्या त्या निष्पाप बालकांचा दिवस पाळतं. आमच्या घरी त्या संध्याकाळी तेर्समध्ये आजारी आणि बेघर मुलांसाठी एक प्रार्थना जास्त म्हणतो. मुलं नावं सुचवतात.

डिचोलीताई, मुलीला सांगा की गाब्रिएलचं काम नाटकात सगळ्यात महत्त्वाचं आहे. तो निरोप आणतो आणि मग मरियेच्या उत्तरासाठी थांबतो. तिने हो म्हटलं म्हणून पुढचं सगळं घडलं. दोन वाक्यांनंतर तिने मरियेकडे बघत उभं राहावं, घाईने आत पळू नये.

डिचोलीची

मास्तर, हे तिला वाचून दाखवलं. तेव्हापासून निरोप सांगून झाला की माझ्याकडे बघत थांबते आहे. मनापासून आभार.

म्हापशेंकार (म्हापसा)

आमच्या वाड्यावर निम्मी घरं हिंदू, निम्मी ख्रिस्ती. गणेश चवथीला आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे, नाताळला त्यांच्याकडून दोदोल, बेबिंक आणि नेवऱ्या आमच्याकडे. लहानपणापासून आम्ही सगळी पोरं गोठे बघत फिरायचो. तेव्हा शेजारच्या मांयने मला नाचणी पेरायला शिकवलं होतं ते लिहितो, कारण मुलांना ते फार आवडतं आणि अर्थही सांगता येतो.

नाताळच्या साधारण दहा-बारा दिवस आधी नाचणी रात्रभर भिजत घालायची. उथळ ताटलीत नाहीतर करवंट्यांत बोटभर माती, तिच्यावर दाणे दाट पसरायचे, वर मातीचा अगदी पातळ थर. ओलं गोणपाट टाकून दोन दिवस सावलीत. कोंब दिसले की गोणपाट काढायचं आणि उजेडात ठेवायचं, पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर दाणे एका बाजूला वाहून जातात. नाताळपर्यंत चांगली चार बोटं हिरवीगार शेतं होतात आणि ती गोठ्याभोवती मांडायची. मांय म्हणायची, मेंढरांना चरायला हवं ना. आणि मेंढपाळ रात्री रानात जागे होते म्हणून देवदूत आधी त्यांच्याकडे आला, राजाकडे गेला नाही, हे तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. मी हिंदू घरातला, पण ते अजून लक्षात आहे.

सांजघंटा

म्हापशेंकार, तुमच्या मांयचं वाक्य मी मुलांना सांगणार. मेंढपाळांचं असंच सांगायला हवं. गोव्यात मुलांना मेंढपाळ दिसत नाहीत. मी त्यांना रात्रपाळीचे वॉचमन, बंदरावरचे कामगार, पहाटे माशाची टोपली घेऊन येणारी बाई, असं सांगते. त्या रात्री ती खुशखबर आधी अशा लोकांना मिळाली.

सांताचं अजून कोणी लिहिलं नाही.

नगरची_लेक

आमच्याकडे सांता येत नाही. भेटी आईबाबा देतात आणि मुलांना तसं माहीत आहे. येशू खरा आणि सांता खरा अशी दोन्ही वाक्यं एकाच तोंडाने सांगितली आणि त्यातलं एक पुढे खोटं निघालं, तर मूल दुसऱ्याबद्दल काय समजेल?

बंदरावरून

इतकं कडक नको वाटतं मला. मुलांची काही वर्षांची मौज असते ती.

निवृत्त_मास्तर

मधला मार्ग संत निकोलस. चौथ्या शतकातले मायराचे बिशप, आजच्या तुर्कस्तानातले. सण ६ डिसेंबरला. तीन मुलींच्या लग्नाला पैसे नसलेल्या गरीब बापाच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. सांता त्यांच्यावरूनच आला. मुलांना सांगा, लाल कपड्यातला माणूस हा त्यांची सोंगं घेणारा, आणि निकोलस हे येशूवर प्रेम करणारे. ६ तारखेला मुलांनी स्वतः कोणाला तरी गुपचूप काहीतरी ठेवून यावं, नाव न सांगता. घेण्यापेक्षा ठेवून येण्यात मुलांना जास्त थरार असतो. वाढदिवस येशूचा, तेव्हा भेट त्याला. आणि ती त्याला कशी द्यायची, तर ज्याला गरज आहे त्याच्या हाती, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूनेच सांगून ठेवलं आहे.

बंदरावरून

६ तारखेचं जमेल. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक एकट्या आजी आहेत.

लाटांपलीकडे (सध्या बोटीवर)

मी जहाजावर नोकरीला, घर मडगावला, बायको मराठी, कोल्हापूरची. नाताळला बहुतेक वर्षी घरी नसतो. मुलगा पाच वर्षांचा. बाबा नाही म्हणून सण नाही, असं त्याचं होतं. कोणी काही सुचवाल का?

सांजघंटा

दादा, आमच्या वसईतही कित्येक घरांत असंच असतं. गव्हाणीत बाळ ठेवायचं काम तुमचंच ठेवा. नेटवर्क असेल त्या वेळी, २४ ला नाही तर २६ ला, तुम्ही फोनवर आणि तो तिकडे. तुम्ही प्रार्थना म्हणायची, त्याने बाळ ठेवायचं. नाताळ एका दिवसाचा नसतो, पुढे बरेच दिवस चालतो, त्यामुळे उशीर असा होत नाही.

निवृत्त_मास्तर

आणि मागींच्या मूर्ती तुमच्या मुलाच्या ताब्यात द्या. घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी ठेवायच्या आणि रोज थोड्या पुढे सरकवायच्या, मागींच्या सणाला, ६ जानेवारीला, गोठ्यापाशी. लांबून येणारी माणसंही पोचतात, हे त्याला रोज हाताने करता येईल. रोज फोनवर विचारा, आज कुठपर्यंत आले?

लाटांपलीकडे

मास्तर, ताई, देव तुमचं भलं करो. आजच बायकोला सांगतो.

डिचोलीची

एक शंका. मुलगी विचारते, येशूचा वाढदिवस खरंच २५ डिसेंबरलाच का?

नगरची_लेक

शुभवर्तमानात तारीख नाही. २५ डिसेंबरला जन्मोत्सव साजरा केल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इसवी सन ३३६ ची आहे. आमच्याकडे मुलांना सांगतो की तारीख चर्चने ठरवली, जन्म मात्र खरा.

म्हापशेंकार

६ जानेवारीला मुलांना घेऊन कुठे जावं? रेइश मागूश आम्हाला जवळ आहे. कासावलीचं फेस्त, म्हणजे तिथला सण, तोही ऐकून आहे.

निवृत्त_मास्तर

रेइश मागूश तर नावाप्रमाणेच मागी राजांचं चर्च, १५५५ मधलं, मांडवीच्या काठी पणजीच्या समोर. तिथे, चांदरला आणि कासावलीला, तिन्ही ठिकाणी गावातले मुलगे राजांचा वेश करतात. कासावलीला कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांचे तीन मुलगे घोड्यांवरून वेगवेगळ्या वाटांनी टेकडीवरच्या रेमेदिओस सायबिणीच्या, म्हणजे मरियेच्या, कपेलाकडे (छोट्या चर्चकडे) जातात. मुलांना नेणार असाल तर तिन्ही वाटा वर एकत्र येतात तिथे उभे राहा, म्हणजे राजे येताना दिसतील. गर्दी भरपूर असते, गाडी लांब ठेवावी लागते, ऊनही लागतं. लहानग्यांसाठी पाणी आणि टोपी बरोबर घ्या. आणि घरून निघण्याआधी मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली बारा वचनं मुलांना वाचून दाखवा. तिथे घोडे बघता बघता त्यांना ती आठवतील.

म्हापशेंकार

यंदा कासावली. शेजारच्या घरातली दोन पोरंही आमच्याबरोबर येणार आहेत, त्यांच्या आईला विचारलं आहे.